स्पिंडलचा ड्राइव्ह: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

सीएनसी राउटर (कोरीवकाम-कटिंगचं मशीन) चालू केला की त्याच्या स्पिंडलचा, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरचा, वेग सांभाळणारा ड्राइव्ह (व्हीएफडी) ओव्हरकरंट दाखवतो, रिसेट केलं की पुन्हा तेच. वायरमन म्हणतो, ड्राइव्ह गेला. लगेच पाकीट काढू नका. सप्लाय बंद करून दहा मिनिटं थांबा, कारण सिंगल फेजच्या ड्राइव्हमध्येही कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेलं असतं. मग मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यूच्या तिन्ही वायरी सोडून ड्राइव्ह रिकामा चालवा. तरीही ओव्हरकरंट आला तर दोष ड्राइव्हचाच. नुसता फेज लॉस (एखादा फेज तुटल्याची सूचना) दाखवला तर घाबरू नका, मोटर जोडलेली नसताना काही ड्राइव्ह तसं दाखवतातच. अजिबात ट्रिप झाला नाही तर आधी स्पिंडलची केबल तिच्या हलत्या चेनमध्ये वाकून चिरलीय का बघा, मग स्पिंडलला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा. वायरी ड्राइव्हच्या टर्मिनलवर असताना मेगर मात्र नको. चांगला ड्राइव्हही जाईल.

थांबताना ओव्हरव्होल्टेज येत असेल तर थांबण्याचा वेळ वाढवून बघा. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

समजा ड्राइव्हच गेलाय. पंखा बंद, कपॅसिटर फुगलेले, एवढंच असेल तर बिनधास्त दुरुस्त करून घ्या. आयजीबीटी (मोटरला वीज देणारा ड्राइव्हमधला मुख्य स्विच) उडाला असेल तर प्रकरण वेगळं. त्याच्यासोबत त्याला चालू-बंद करणारं सर्किट, गेट ड्रायव्हरही गेलेला असू शकतो, आणि फक्त आयजीबीटीचं मॉड्यूल बदललं तर नवंही पहिल्याच स्टार्टला उडतं. शिवाय दुरुस्तीवाला साध्या 50 हर्ट्झच्या मोटरवर चालवून 'ओके' म्हणतो. तुमचा 24,000 आरपीएमचा दोन पोलचा स्पिंडल 400 हर्ट्झवर चालतो. तिथे, लोड देऊन चाचणी करणार का, हे आधी विचारा.

2.2 किलोवॅटच्या राउटरसाठी अशा वेळी मी नवाच घेईन. किलोवॅटपेक्षा अँपिअर जुळवा, कॅरिअर फ्रिक्वेन्सी (आयजीबीटी चालू-बंद होण्याचा वेग) 8 किलोहर्ट्झच्या खाली नको. 220 व्होल्टच्या स्पिंडलला 415 व्होल्टचा ड्राइव्ह तर नकोच. आणि सुरू करण्याआधी बेस फ्रिक्वेन्सी (ज्या फ्रिक्वेन्सीला पूर्ण व्होल्टेज मिळतं ती) 400 करा. कंपनीतून ती 50 वर आली असेल तर 50 हर्ट्झलाच पूर्ण 220 व्होल्ट जातात, म्हणजे हवे त्याच्या आठपट. ड्राइव्ह वेळेत ट्रिप झाला तर नशीब, नाहीतर वाइंडिंग जळतं.

60,000 आरपीएमच्या ग्राइंडिंग स्पिंडलचं गणित उलटं आहे. दोन पोलला 1,000 हर्ट्झ लागतात, आणि नामांकित कंपन्यांचे बरेच साधे ड्राइव्ह 599 हर्ट्झला अडवलेले असतात. 600 हर्ट्झ आणि त्यापुढचे ड्राइव्ह युरेनियम समृद्धीकरणाच्या सेंट्रिफ्यूजला चालू शकतात, म्हणून त्यांच्यावर निर्यात नियंत्रण आहे. बदली ड्राइव्ह महाग आणि कागदपत्रांत अडकणारा. तिथे आयजीबीटी गेला असला तरी चांगला दुरुस्तीवाला शोधा. डिस्प्ले जिवंत असेल तर पाठवण्याआधी सगळे पॅरामीटर लिहून घ्या. परत येताना ते फॅक्टरी सेटिंगवर आलेले असू शकतात.