गृहकर्जांवरील पीटीसी : व्याज चोख, करहिशोब किचकट

गृहकर्जांचा गट एका न्यासाकडे सोपवून त्याच्या वसुलीवर गुंतवणूकदारांना जी प्रमाणपत्रे दिली जातात, त्यांना बाजारात पास थ्रू सर्टिफिकेट, म्हणजेच पीटीसी म्हणतात. अशी पाच लाख रुपयांची, वार्षिक १०.२५ टक्के व्याजाची प्रमाणपत्रे मी एप्रिल २०२३ मध्ये एका ऑनलाइन विक्रेत्यामार्फत दुय्यम बाजारातून घेतली. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार पहिल्या विक्रीत किमान एक कोटी रुपये गुंतवावे लागतात, त्यामुळे माझ्यासारख्याला मागचे दारच उघडे होते. कर्जदारांनी हप्ते वेळेवर भरले आणि दरमहा ठरल्या तारखेला पैसेही आले, तेव्हा वसुलीबद्दल माझी तक्रार नाही. हे परीक्षण मुख्यतः कराचे आहे, कारण विक्रीच्या वेळी त्याविषयी मला ‘लागू असेल तसा कर’ एवढेच सांगितले गेले होते.

दरमहा येणाऱ्या रकमेत मुद्दल आणि व्याज एकत्र असते आणि त्यांचे प्रमाण दर महिन्याला बदलते. एखाद्या कर्जदाराने घर विकून कर्ज एकदम फेडले की त्या महिन्यात मुद्दल फुगते. मुद्दल हे उत्पन्न नव्हे, ते आपलेच पैसे परत येणे आहे. विक्रेत्याच्या अॅपने मात्र दोन्ही मिळून ‘एकूण परतावा’ दाखवला होता आणि तोच आकडा मी विवरणपत्रात भरला असता तर पहिल्याच वर्षी परत आलेल्या १,७०,००० रुपयांच्या मुद्दलावरही कर भरून बसलो असतो. खरा आधार होता न्यासाकडून मिळणारा फॉर्म ६४एफ; त्यात वर्षभराचे उत्पन्न आणि त्याचे स्वरूप दिलेले होते. तो मला तीन वेळा मागावा लागला.

फॉर्म हाती आल्यावर नवा पेच निघाला. फॉर्ममध्ये उत्पन्न ४२,४०० रुपये होते, तर बँकेच्या पासबुकाप्रमाणे ३१ मार्चपर्यंत व्याजापोटी मिळालेली रक्कम, कापलेला कर मिळवूनही, ३९,५८० रुपयेच भरत होती. उरलेले २,८२० रुपये मार्चच्या वसुलीचे होते आणि ते एप्रिलमध्ये जमा झाले. तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११५टीसीए प्रमाणे न्यासाने वर्षअखेरीपर्यंत न वाटलेले उत्पन्नही त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी गुंतवणूकदाराच्या खात्यात जमा झाल्याचे मानले जाते आणि पुढे ते प्रत्यक्ष हाती आले की त्यावर पुन्हा कर लागत नाही. नियम वाजवी आहे. पण तो ठाऊक नसलेला माणूस एकतर आयकर खात्याकडील वार्षिक माहिती विवरणाशी न जुळणारे आकडे भरतो, नाहीतर तेच उत्पन्न दोन वर्षांत दोनदा दाखवतो.

याच कलमाचा गाभा असा, की गुंतवणूकदाराने जणू ती कर्जे स्वतःच दिली आहेत असे समजून न्यासाचे उत्पन्न त्याच्या हातात, त्याच स्वरूपात करपात्र धरायचे. १ जून २०१३ पासून न्यासालाच वाटपावर कर भरावा लागत असे, व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांसाठी २५ टक्के आणि इतरांसाठी ३० टक्के, आणि तिथेच विषय संपत असे. १ जून २०१६ पासून सध्याची पद्धत आली. कमी कराच्या टप्प्यातील माणसाला तीच न्याय्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मात्र तोच न्याय टीडीएसने, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच होणाऱ्या करकपातीने, बराच काळ झाकून ठेवला. कलम १९४एलबीसी खाली निवासी व्यक्तीच्या उत्पन्नातून २५ टक्के कापले जात. बँकेच्या ठेवीला असते तशी किमान मर्यादा येथे नाही. पहिल्या रुपयापासून कपात होते. माझे १०,६०० रुपये कापले गेले. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह माझा कर ८,८१९ रुपये होत होता. जादाचे १,७८१ रुपये इतर कराशी वळते झाले, म्हणून मी फारसा दुखावलो नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे उत्पन्न करपात्र नाही आणि तिनेही ही प्रमाणपत्रे घ्यायचे ठरवले होते. मी तिला थांबवले. ठेवीवर कर कापू नये म्हणून ती भरत असे तो फॉर्म १५एच येथे चालत नव्हता. कलम १९७ खाली कमी कपातीचा दाखला मिळवता येत होता, पण पाच लाखांसाठी ती यातायात कोण करणार? जादा कापलेला कर परत मिळताना त्यावर महिना अर्धा टक्का व्याज मिळते, तेही उत्पन्नाचे वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून, आणि त्या व्याजावरही कर आहेच. १ एप्रिल २०२५ पासून ही कपात १० टक्क्यांवर आली आहे. बहिणीने आज विचारले तर मी इतके ठाम ‘नको’ म्हणणार नाही.

मे २०२५ मध्ये आरएमबीएस डेव्हलपमेंट कंपनीने रचलेली, एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या गृहकर्जांवरची सुमारे १,००० कोटी रुपयांची प्रमाणपत्रे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदली गेली, त्यांचा व्याजदर ७.२६ टक्के आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती माझ्या कागदांपेक्षा कितीतरी सरस आहेत. पण ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीच्या हातात उपकरानंतर जेमतेम ५ टक्के उरतात आणि कागद कितीही वर्षे सांभाळला तरी व्याजावर सवलत नाही. अशीच प्रमाणपत्रे बाळगणाऱ्या म्युच्युअल फंडाला स्वतःच्या उत्पन्नावर कर नसतो. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाच्या, म्हणजे मुख्यतः कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडाच्या, नफ्यावर गुंतवणूकदाराला टप्प्याप्रमाणेच कर भरावा लागतो, पण तो युनिट विकल्यावर. दरवर्षीचा कर असा पुढे ढकलता येत असताना, वरच्या टप्प्यातील माणसाने ही प्रमाणपत्रे थेट घेण्यात मला फायदा दिसत नाही.

वसुलीसाठी मी या साधनाला पाचपैकी चार गुण देईन आणि विक्रेत्याच्या करविषयक कागदपत्रांसाठी एक. उरलेले मुद्दल संपेपर्यंत मी ती ठेवणार आहे. नव्याने घेणाऱ्याने पैसे भरण्याआधी त्याच न्यासाचा, किंवा त्याच विक्रेत्याच्या आधीच्या एखाद्या न्यासाचा, मागील वर्षाचा फॉर्म मागून पाहावा आणि तो दाखवायला विक्रेता टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा.