पिकअपचं इंजिन: बांधून घ्यावं की दुसरं बसवावं?

अंबडहून जालन्याला मोसंबी वाहणाऱ्या भाच्याच्या जुन्या डिझेल पिकअपला चढावर दम लागतो, मागून निळा धूर निघतो. त्याला प्रश्न पडलाय: इंजिन बांधावं, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडावं, की सेकंडहँड आणून बसवावं?

आधी निदान. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि डिझेल फवारणारे नोझल बघा, इंजिन उतरवायची घाई नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) झिजलेत.

खर्च: सेकंडहँडचा आकडा आधीच कळतो. बांधणीत इंजिन उघडलं की यादी वाढते; क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) घासायला लेथवर गेला की बिल आणखी चढतं.

वेळ: बदलीचं काम लवकर उरकतं. बांधणीला मिस्त्री, लेथवाला, स्पेअर पार्ट, सगळ्यांची वाट बघावी लागते. ऐन तोडणीत हे फार जड जातं.

टिकाऊपणा: इथे बांधणीच सरस, कारण आत काय टाकलं ते आपल्या डोळ्यांदेखत असतं. दुसऱ्याच्या इंजिनाने किती ओझं ओढलं कोण सांगणार? घ्यायचंच तर चालू करून दाखवायला लावा, झाकणाची तीच परीक्षा करा.

कागद: इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद हवीच. बिल नसलेलं इंजिन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, शाबूत आणि गाडी अजून काही वर्षं ठेवायची असेल तर बांधा. ब्लॉकच फुटला असेल किंवा हंगाम तोंडावर असेल तर कागदपत्रांसह दुसरं बसवा. भाच्याला मी बांधायलाच सांगितलंय, मोसंबीचा बहार उतरल्यावर.