सांगलीत गोळ्या, अंतरा आणि शेवटी छाया : माझा तीन वर्षांचा अनुभव

पाळणा लांबवायच्या साधनांबद्दल आपल्याकडं बायका एकमेकींच्या कानातच बोलतात, त्यामुळं खरं काय होतं ते नवीन पोरींना कळतच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी विश्रामबागला राहते, एक मुलगी आहे, आता साडेचार वर्षांची. ती दीड वर्षाची असल्यापासून मी तीन प्रकार करून बघितले : रोजच्या गोळ्या, अंतरा नावाचं इंजेक्शन आणि छाया ही आठवड्याची गोळी. मी डॉक्टर नाही, माझ्या शरीराला काय झालं तेवढंच सांगतेय.

पहिल्यांदा एका खाजगी दवाखान्यात गेले, नाव लिहीत नाही. बाहेर दीड तास बसले आणि आत तीन मिनिटं. रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, २१ दिवस घ्यायच्या, ७ दिवस बंद, झालं. बीपी बघितलं नाही, आधी काही त्रास होता का तेही विचारलं नाही. पहिल्या महिन्यात नुसती मळमळ, सकाळी चहाचा वास आला तरी पोटात ढवळायचं, छाती जड व्हायची, आणि चिडचिड इतकी की पोरगी रडायला लागली की मलाच रडू यायचं. हे दोन-तीन महिन्यांत बसतं असं मेडिकलवाला म्हणाला आणि मळमळ खरंच कमी झाली, रात्री जेवणानंतर गोळी घ्यायला लागल्यावर तर बरीच. पण अर्धशिशी वाढली. मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे, दुखायच्या आधी डोळ्यासमोर चमचमणाऱ्या वाकड्या रेघा येतात, वर्गात असले तर पाच मिनिटांनी अर्धा फळाच दिसेनासा व्हायचा. वर्षातून दोन-तीनदा येणारी ती आता महिन्यातून दोनदा यायला लागली. एकदा तर शंभर फुटी रोडवर गाडी चालवताना रेघा सुरू झाल्या, गाडी कडेला लावून एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, नवरा येईपर्यंत.

तरी मी सहा महिने त्याच गोळ्या घेत होते, कारण गोळ्यांचा अर्धशिशीशी संबंध आहे हे कुणी सांगितलंच नाही.

ते कळलं आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात, पोरीच्या लसीला गेले होते तेव्हा. तिथल्या सिस्टरशी सहज बोलताना डोकेदुखीचा विषय निघाला तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ताई, दुखायच्या आधी डोळ्यापुढं काय दिसतं का?" हो म्हटल्यावर लगेच डॉक्टर मॅडमकडं नेलं. मॅडमनी समजावून सांगितलं की अशी रेघा दिसणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गोळी, म्हणजे मी घेत होते तसली, घ्यायचीच नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि सरकारी माला-एन फुकट मिळते म्हणून ती घेऊ म्हटलं तर तीही नाही, कारण त्यातही इस्ट्रोजेन असतंच, फक्त शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या. एवढा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला काय लागत होतं? मला त्याचा अजून राग येतो.

मग अंतरा घेतलं. तीन महिन्यांतून एकदा इंजेक्शन, इस्ट्रोजेन नाही, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट. सिस्टरनी दंडावर दिलं, वर सांगितलं की चोळायचं नाही, शेक द्यायचा नाही, आणि पुढच्या तारखेचं कार्ड हातात दिलं. पाळी अनियमित होईल, डाग पडतील, कधी पाळी बंदही होईल, आणि सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून ७ ते १० महिने लागू शकतात, हे सगळं आधी सांगितलं. आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही, हा मोठा फरक आहे.

पण मला ते मानवलं नाही. डाग म्हणजे एक-दोन दिवस असं वाटलेलं, माझं सलग चाळीस दिवस चाललं, मग आठवडाभर बंद, परत सुरू. आमच्यात सासूबाई पाळीचं पाळतात, त्यामुळं गौरी आल्या तेव्हा मी बाहेर आणि जाऊबाई एकट्या सगळं करत होत्या, त्याचं जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या इंजेक्शननंतर बसेल म्हणून तेही घेतलं, थोडं कमी झालं पण थांबलं नाही. अडचण ही की एकदा टोचलं की काढता येत नाही, तीन महिने काढावेच लागतात. वजनही चार किलो वाढलं. माझ्या चुलत बहिणीला मिरजेत हेच इंजेक्शन दोन वर्षं चालू आहे, तिची पाळीच बंद झाली आणि ती खूश आहे, म्हणून अंतरा वाईट असं मी म्हणणार नाही, माझ्यासाठी ५ पैकी २.

तांबीचाही (कॉपर-टी) विचार केला. जाऊबाईंना सहा वर्षं तांबी आहे, १० वर्षांवाली, काही तक्रार नाही. पण माझी पाळी मुळात जास्त जाते आणि तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ आलं होतं. तांबीनं पहिले काही महिने अंगावर जास्त जाऊ शकतं, म्हणून मॅडमच म्हणाल्या आत्ता नको.

इंजेक्शन सोडल्यावर पाळी जागेवर यायला पाच महिने गेले, तोवर निरोध. नवऱ्यानं कुरकुर केली नाही, हे त्याच्या बाजूनं लिहिते.

आता दीड वर्ष छाया घेतेय. ही गोळी लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, बाजारात सहेली नावानं मिळते तीच. हार्मोन नाही त्यात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदा. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, माझा तो बुधवार आला म्हणून बुधवार-शनिवार, आता फक्त बुधवार. पाकीट फ्रिजवर कॅलेंडरच्या खिळ्याला पिशवीत लटकवलंय आणि कॅलेंडरवर बुधवारी फुली मारते. मळमळ नाही, चिडचिड नाही, अर्धशिशी परत वर्षाला दोन-तीनवर आली. अंगावर जाणं कमी झालं, लोहाच्या गोळ्याही चालू होत्या, गेल्या वेळी हिमोग्लोबिन ११.२ होतं.

त्रास एकच, पाळी लांबते. दुसऱ्या महिन्यात बारा दिवस लांबली तेव्हा माझी झोप उडाली होती. १५ दिवसांच्या वर गेली तर तपासणी करायची असं सांगितलंय, मी तेराव्या दिवशीच केली, निगेटिव्ह. आता आठ-दहा दिवस पुढं-मागं होतं ते धरूनच चालते. एकदा माहेरी तासगावला गेले आणि बुधवार विसरला, शुक्रवारी आठवलं, लगेच घेतली आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरला. ज्यांना पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडानं पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे, अंडाशयात गाठ आहे किंवा लिव्हरचा त्रास आहे त्यांना ही चालत नाही, विचारल्याशिवाय घेऊ नका.

आरोग्य केंद्राबद्दल तक्रार एवढीच की मध्ये दोनदा स्टॉक संपला होता, मेडिकलमधून सहेली विकत आणावी लागली. सकाळी अकराच्या आधी गेलात तर सिस्टर निवांत बोलतात, लसीच्या दिवशी जाऊ नका, गर्दी असते. आणि डोकं दुखत असेल तर कधी, कुठं, दुखायच्या आधी काय दिसतं ते कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाही. मी तसाच कागद घेऊन गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीला नेलं, तिला अजून काही सुरू केलेलं नाही, आधी बीपी बघितलंय.