ऊतिला बेटावर चार महिने: सकाळी स्कूबा, दुपारी स्पॅनिश (वापरानंतरचा अनुभव)

आधी निकाल सांगतो, कारण मला स्वतःला शेवटपर्यंत ताणलेले रिव्ह्यू वाचायचा कंटाळा येतो. डायव्हिंगला पैकीच्या पैकी. स्पॅनिशला काठावर पास, आणि तेही शाळेमुळे नाही, कान दुखल्यामुळे.

मध्य अमेरिकेतल्या होंडुरास या स्पॅनिश बोलणाऱ्या देशाच्या उत्तर किनाऱ्यासमोर कॅरिबियन समुद्रात रोआतान, ग्वानाहा आणि ऊतिला अशी तीन मुख्य बेटं आहेत. ऊतिला त्यांतलं सगळ्यात लहान. जगात सगळ्यात स्वस्तात डायव्हिंग शिकवणाऱ्या ठिकाणांमध्ये त्याचं नाव हमखास निघतं. अमेरिकेतली नोकरी सुटली होती, दुसरी लगेच धरायची इच्छा नव्हती. सकाळी पाण्यात, दुपारी वर्गात असा जोडबेत आखला आणि ला सेइबा बंदरातून फेरीत बसलो. तासाभराचा प्रवास, पण समुद्र खवळलेला असेल तर गोळी आधीच घ्या. मी घेतली नव्हती, बाकी वर्णन नको.

आता मुख्य तक्रार. हे बेट इंग्रजी बोलतं. ब्रिटिशांनी 1859 च्या कराराने ही बेटं होंडुरासला दिली, पण जुन्या बेटकऱ्यांच्या घरात अजूनही कॅरिबियन वळणाचं इंग्रजीच चालतं. डाइव्ह शॉपमध्ये तर जगभरचे लोक, म्हणजे तिथेही इंग्रजी. पहिले तीन आठवडे मी दिवसाचे दोन तास सोडले तर स्पॅनिशचा शब्द उच्चारला नाही. शाळेने पैसे घेताना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यात दुसऱ्या महिन्यात बाई बदलल्या, आणि नव्या बाईंनी पुन्हा 'मी आहे, तू आहेस'पासून सुरुवात केली. फी परत मागितल्यावर 'वर्ग तर चालूच आहे ना' हे उत्तर.

वेळापत्रकही कागदावरच सुंदर होतं. सकाळी सातला बोट, दोन डाइव्ह, जेवण, दोनला वर्ग. दोन डाइव्हनंतर अंगाला जी गोड सुस्ती येते तिच्यापुढे क्रियापदांची रूपं टिकत नाहीत. मी चक्क बाकावर पेंगलो आहे. शेवटी वर्ग पाचला नेऊन घेतला, मग बरं चाललं. कुणी जाणार असेल तर ही एक गोष्ट पहिल्या दिवशीच मागून घ्या.

डायव्हिंगबद्दल मात्र तोंड भरून. मी आधी मालवणला एकदा 'ट्राय डाइव्ह' केला होता. त्या दिवशी पाणी इतकं गढूळ होतं की शिकवणाऱ्या दादाचा हात धरून चाललेली ती आंधळी कोशिंबीरच होती. इथे पहिल्याच डाइव्हला खाली बघितलं आणि उंचीची भीती वाटली, इतकं स्वच्छ. हा मेसोअमेरिकन प्रवाळ पट्टा, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफनंतरचा जगातला दुसरा मोठा. पाणी कोमट, पातळ सूट पुरतो. ओपन वॉटर या पहिल्या कोर्समध्ये 18 मीटरपर्यंत, त्यापुढचा ॲडव्हान्स्ड केला की 30 मीटरपर्यंत जाता येतं. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर काढायचा सराव मला चार वेळा करावा लागला. प्रत्येक वेळी लहानपणी तरणतलावात नाकात गेलेलं क्लोरीन आठवायचं.

30 मीटरचा डाइव्ह 1998 साली मुद्दाम बुडवलेल्या हॅलिबर्टन नावाच्या मालवाहू जहाजावर झाला. जहाजापेक्षा मला माझं मनगट लक्षात राहिलं. आईने निघताना बांधलेला लाल गंडा तिथे काळपट करडा दिसत होता. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं हे पुस्तकात वाचलं होतं, तरी क्षणभर वाटलं गंडाच बदलला. टॉर्च मारला तर पुन्हा लालभडक. व्हेल शार्क मात्र चार महिन्यांत एकदाही दिसला नाही. ते दिसतात म्हणून हे बेट प्रसिद्ध आहे, पण त्या भरवशावर तिकीट काढू नका.

तिसऱ्या महिन्यात कान दुखायला लागला. डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुवायचा आळस केला होता, चूक माझीच. डॉक्टरांनी नऊ दिवस पाणी बंद केलं. करायला काही नाही म्हणून कोपऱ्यावरच्या बलेआदाच्या टपरीवर बसायला लागलो, आणि माझं खरं स्पॅनिश तिथे सुरू झालं. बलेआदा म्हणजे मैद्याची जाडसर पोळी, आत घोटलेला राजमा, चीज आणि 'मान्तेकिया'. पुस्तकात या शब्दाचा अर्थ लोणी, होंडुरासमध्ये साय. टपरीवाल्या मावशी मुख्य भूमीवरून कामासाठी आलेल्या, त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. शाकाहाऱ्यांनी राजमा डुकराच्या चरबीत परतला आहे का हे आधी विचारावं. मला ते वाक्य सगळ्यात आधी पाठ झालं.

वर्गात मला 'तू' शिकवला होता (स्पॅनिशमध्येही तोच शब्द, तोच अर्थ), मावशी सगळ्यांना 'वोस' म्हणायच्या: 'वोस के केरेस?', तुला काय हवंय? होंडुरासमध्ये अरे-तुरेला वोस, अहो-जाहोला उस्तेद. पुस्तकातला तू कुणी वापरताना मी ऐकला नाही. मावशींना मी उस्तेद म्हणायचो, ते आपल्याला आतूनच कळतं. वर्गातल्या कॅनडाच्या मुलीला मात्र कुणाला काय म्हणायचं हा हिशोब शेवटपर्यंत जमला नाही.

मराठी माणसाला ही भाषा सोपी जाते, हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. 'मे गुस्ता एल काफे' हे शब्दाला शब्द 'मला कॉफी आवडते'. आवडणारी गोष्ट अनेकवचनी झाली की 'गुस्तान' होतं, जसं पोळी आवडते, पोळ्या आवडतात. इंग्रजीवाले इथे तीन दिवस अडकले होते. बोट बघितली तर नुसती बोट, पण माणूस बघितला तर आधी 'आ' लावायचा, म्हणजे आपला 'ला': बाईंना बघितलं, बोट बघितली. त, द आपलेच, दातांवरचे. फक्त लांबवलेला 'र्र' घोटावा लागतो. आणि 'पागार' म्हणजे पैसे देणं! आपला पगार पोर्तुगीजांकडून आला, आणि स्पॅनिश त्यांची सख्खी बहीण. साबण म्हणजे 'हाबोन', चावी म्हणजे 'यावे', पाव म्हणजे 'पान'.

किरकोळ गोष्टी. सगळा किराणा बोटीने येतो, त्यामुळे महाग. वाळूतल्या बारीक माश्या वारा पडला की फोडून काढतात, त्यावर खोबरेल तेल चोपडणं हाच उपाय. तिथले लोकही तेच करतात, आणि माझ्याकडे घरून आणलेली बाटली होतीच. रस्त्यावर बजाजची रिक्षा दिसली तेव्हा आकुर्डीत वाढलेल्या मला जरा भरून आलं, भाडं ऐकून ते ओसरलं.

पुन्हा करायचं असेल तर मी पहिला महिना मुख्य भूमीवर कोपान रुइनासला एखाद्या कुटुंबात राहून स्पॅनिश करेन आणि मगच बेटावर येईन. दोन्ही एकाच वेळी शिकायचा हट्ट धरणार नाही.

लागोपाठ डाइव्ह केल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं, म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवावा लागतो. तो मी टपरीवर घालवला. परत आलो की तुमच्याकडेच जेवेन, असं मावशींना सांगताना 'क्वान्दो वुएल्वो' म्हणालो. त्यांनी पीठ मळता मळता मान हलवली, 'वुएल्वा'. म्हणजे मी 'येतो तेव्हा' म्हणालो होतो, हवं होतं 'येईन तेव्हा'. मी पुन्हा नीट म्हणालो. त्यांनी दोन बलेआदा कागदात गुंडाळून दिल्या आणि दोन्हीचे पैसे मोजून घेतले.