सरकारी किट की स्वतःच्या पैशाने घेतलेलं?

सैन्यात मिळालेलं किट, म्हणजे बूट, कपडे, चिलखत वगैरे, अपुरं पडतंय म्हणून पदरचे पैसे घालायचे का, हे ठरवताना एकच गोष्ट आधी विचारा: ही वस्तू ऐनवेळी बिघडली तर काय होईल? पायाला फोड येणार असतील तर खुशाल विकत घ्या. जीव जाणार असेल, तर लष्कराच्या चाचण्यांतून गेलेलीच वस्तू अंगावर हवी.

बुटांच्या बाबतीत विकतचा जोड बहुतेकदा सरस ठरतो. सरकारी बूट साठ्यात असतील त्या मापात मिळतात आणि रुंद पंजाच्या माणसाचे त्यात हाल होतात. ओझं घेऊन चालताना पाय पसरतो, म्हणून माप संध्याकाळी, जाड मोजे घालूनच घ्या. फक्त नियम आधी वाचा. अमेरिकी लष्करात बुटाची उंची 8 ते 10 इंचच लागते. त्यात न बसणारा महागडा जोड पेटीतच पडून राहील. मोजे, हेडलॅम्प यांत फारसा विचार करायला नको.

आतल्या कपड्यांचं मात्र तसं नाही. घाम झटकन सुकवणारे पॉलिस्टरचे टी-शर्ट सुखाचे वाटतात, पण आगीत ते वितळून कातडीला चिकटतात. याच कारणाने 2006 मध्ये अमेरिकी मरीन कोअरने इराकमध्ये तळाबाहेर पडताना ते घालायला बंदी केली. सुती किंवा लोकरीचेच घ्या.

बुलेटप्रूफ जॅकेट आणि गोळी अडवायला त्यात घालायची कडक प्लेट, यांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: स्वतः घेऊ नका. सिरॅमिक प्लेट हातातून पडली तर आत तडा जाऊ शकतो आणि वरून काहीच दिसत नाही. अमेरिकी लष्कर आपल्या प्लेट एक्स-रे काढून तपासतं. तुम्ही घेतलेली कोण तपासणार? पोलादी प्लेट स्वस्त आणि दणकट वाटते, पण तिच्यावर आदळून फुटलेल्या गोळीचे तुकडे गळ्याकडे आणि हनुवटीकडे उडतात. 2006 मध्ये अमेरिकी लष्कराने खासगी चिलखतांवर सरसकट बंदी घातली. सरकारी जॅकेट जड आहे, मापात बसत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यासाठी माप बदलून मागा, पट्टे नीट आवळून घ्या. जॅकेट मिळालंच नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रमाणित, नवी, उत्पादनाची तारीख छापलेली प्लेटच घ्या. जुनी वापरलेली कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायाला पिळून आवळायचा पट्टा, खुशाल विकत घ्यायच्या आणि अजिबात न घ्यायच्या वस्तूंच्या मधे येतं. जादा एक जवळ असणं केव्हाही चांगलं, कारण हातापायाची मोठी धमनी फुटली तर मदत पोचण्याआधीच काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. पण बाजारात नकली माल भरपूर आहे आणि तो दिसायला हुबेहूब असतो. फरक पीळ द्यायच्या दांडीत कळतो: नकली दांडी जोर लावला की वाकते किंवा तुटते. उत्पादक किंवा त्याचा अधिकृत विक्रेता सोडून कुठूनही घेऊ नका. सरावात वारंवार पिळलेलं टूर्निकेट खऱ्या वापरासाठी ठेवू नका.

राहिला पैशाचा प्रश्न. जवानाने किंवा त्याच्या घरच्यांनी सैन्याची उणीव खिशातून भरावी, हे मला मुळातच मान्य नाही. इराक युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकी कुटुंबांवर ती वेळ आली. पुढे तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, अशा खरेदीची भरपाई द्यायचा कायदा केला, एका वस्तूमागे कमाल 1,100 डॉलर. म्हणून विकत घेण्याआधी क्वार्टरमास्टरकडे, म्हणजे तुकडीचं सामान देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लेखी मागणी द्या, नकारही लेखीच घ्या, आणि पावती जपून ठेवा.