जुन्या सागवानी पाळण्याला नवे हूक आणि बुश : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावरचा अनुभव

आधी मुद्द्याचं सांगतो. जुन्या पाळण्याचं हरवलेलं सामान शोधत असाल तर बाजारात तसाच दिसणारा पार्ट शोधत बसू नका, जो शिल्लक आहे त्याचं माप घ्या आणि तसा बनवून घ्या. नाशकात हे काम होतं, नीट होतं, फक्त कुठे काय मागायचं ते कळलं पाहिजे.

पाळणा बायकोच्या माहेरचा, जुन्या नाशकातल्या वाड्यातला, माझ्या सासूबाई आणि त्यांचे भाऊ दोघंही त्यातच झोपलेले. दोन बाजूंना उभे खांब, खाली जोडपट्टी, खांबाच्या वरच्या टोकाला लोखंडी पिन आणि त्या पिनेवर पाळण्याचा हूक. हूक म्हणतोय पण वर बंद नाकं आहे, त्यातून पिन जाते आणि बाहेरून नट बसतो. सागवान ठणठणीत होतं, पण एक हूक गायब, दोन्ही नट गायब, पाळणा हलू नये म्हणून लावायची खिट्टी गायब आणि खांबांवरच्या चार पितळी कळसांपैकी तीनच हजर.

रविवार कारंजाच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत विचारलं की समोर येतात ते झोपाळ्याचे हूक, छताला लावायचे, मोठे आणि जड, पाळण्याच्या पिनेला त्यांचा काही उपयोग नाही. मग तांबट लेनमध्ये गेलो, तिथे पितळी कड्या आणि साखळ्या बघून जीव हरखतो, पण एका तांबटकाकांनी स्वतःच थांबवलं. म्हणाले, "भाऊ, ही घंटेची साखळी आहे, कडीचा सांधा बघा, नुसता दाबलेला आहे, डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून, जोडलेला नाही. यावर लेकरू टांगू नका." विकायला बसलेला माणूस असं सांगतो याचं मला फार मोल वाटलं. तुम्हीही बघा, ज्या कडीचा सांधा उघडा दिसतो ती वजनाने हळूहळू फाकते.

आता नट. इथे बहुतेक लोक अडकतात म्हणून नीट लिहितो. जुन्या पिनेचे आटे, म्हणजे नट फिरतो ते पेच, इंची मापाचे असतात, आमची पिन अडीच सुताची, म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आजचा ८ एमएमचा नट जाडीला जवळजवळ तसाच, त्यामुळे तो सुरुवातीला फिरतो आणि आपल्याला वाटतं बसला, पण पुढे घट्ट होतो. कारण जुन्या व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश इंची पद्धतीच्या, आट्यांत या जाडीला इंचाला १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर साधारण १.४१ मिलिमीटर, आणि ८ एमएमच्या नेहमीच्या नटात ते १.२५, शिवाय आट्याचा कोनही वेगळा, ५५ अंश आणि ६० अंश. पान्याने जोर लावून चढवला तर पिनेचे आटे मरतात आणि मग मूळ पिनही गेली. म्हणून दुकानात "८ एमएम" म्हणू नका, "अडीच सुती, इंची आट्याचा" म्हणा आणि पिन सोबतच न्या. जुन्या दुकानात मिळतात, मला मिळाले.

हूक मात्र नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतले. एक-दोन नगासाठी लेथ कोणी सहज लावत नाही, दुपारच्या जेवणानंतर मशीन मोकळं असतं तेव्हा जाऊन बसायचं. तिथल्या वयस्कर टर्नरमामांनी जुना हूक हातात घेतला आणि नाकं दाखवलं, झुलून झुलून लंबगोल झालेलं. त्यांचं म्हणणं दोन्ही नवे करा, एक नवा एक झिजलेला ठेवला तर पाळणा एका बाजूला कलतो. मला सगळं पितळेचं हवं होतं, जुन्यासारखा डौल म्हणून, पण त्यांनी पटवलं की वजन घेणारा हूक स्टीलचा, आणि नाक्यात फक्त पितळी बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी छोटी नळी, ठोकायचा. लोखंडी पिनेवर पितळ मऊ, झिजेल तर बुश झिजेल, पिन आणि हूक वाचतील, आणि बुश बदलणं स्वस्त. प्रत्येक पिनेला दोन नट एकमेकांवर आवळले, म्हणजे चेकनट, कारण पुढे-मागे झुलणाऱ्या जोडाला एकटा नट सुटत जातो. टोकाला स्प्लिट पिन, म्हणजे भोकातून घालून पाय फाकवायची तारेची पिन, नट निसटू नये म्हणून. मग तांदळाची २५ किलोची गोणी टाकून रात्रभर टांगून ठेवला आणि झुलवूनही बघितलं, त्यानंतरच लेकीचं बारसं.

बसवला ऐन पावसाळ्यात. आवाज अजिबात नाही, रात्री झुलवताना हे किती महत्त्वाचं आहे ते ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना सांगायला नको. मध्ये कुरकुर सुरू झाली होती पण ती हुकाची नव्हती, जोडपट्टीच्या लाकडी सांध्याची, मेणबत्ती घासली आणि थांबली. थंडीत मात्र नट किंचित सैल झाले, पावसात फुगलेलं लाकूड नाशिकच्या कोरड्या हवेत आक्रसतं, त्यामुळे दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा आवळावे लागले. संक्रांतीलाच बुश उघडून बघितले, आतून चकचकीत झालेत, पण पिन त्यात ढिली झालेली नाही. तेल म्हणून शिलाई मशीनचं, एक थेंब, खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. खिट्टीही तिथेच बनवली, स्टीलची, आणि बाळ एकटं असताना ती लागलेलीच पाहिजे, यात सूट नाही.

दोन गोष्टी हार्डवेअरच्या नाहीत पण सांगतोच. पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आमच्याकडे एका बाजूला होतं, तिथे मधे नवी दांडी बसवून घेतली. आणि जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि लागू झाली २०१७ ला. आमचा ओला करून खरवडला, घराबाहेर, आणि तेव्हा बाळ घरात नव्हतं.

लेक हातावर जोर देऊन उठायला लागली तसा तिचा पाळणा बंद केला, तेही वेळेत करा. पण काम तिथे थांबलं नाही, पलीकडच्या गल्लीतल्या मावसबहिणीच्या बाळासाठी आता तोच पाळणा तिच्याकडे आहे, बुश तेच. खर्च रेडीमेड हुकाच्या कितीतरी पट झाला, पण नव्या सागवानी पाळण्याच्या खूप आत. चौथा कळस अजून मिळालेला नाही. ओतून घ्यायचा तर एका नगासाठी साचा महाग पडतो, म्हणून वाडे उतरवतात तिथलं जुनं सामान घेणाऱ्यांकडे उरलेल्यांतला एक नमुना देऊन ठेवलाय.