स्टेपनी लॉक: पंधरा महिने वापरल्यावर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका महिन्यात दोन गाड्यांच्या स्टेपन्या गेल्या, तेव्हा मी लॉक बसवून घेतलं. गाडी जुनी, सात सीटर. स्टेपनी डिकीत नाही, मागे चॅसीखाली तारेच्या दोराला टांगलेली. नंबरप्लेटच्या बाजूला बंपरवर एक भोक आहे. त्यातून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, आत घालायची, खाचेत बसली की उलटी फिरवत राहायचं, स्टेपनी हळूहळू जमिनीवर टेकते. लॉक म्हणजे त्या भोकातलं पोलादी बूच. किल्लीने ते काढल्याशिवाय टॉमी आत जात नाही. 850 रुपये, दोन किल्ल्या.

पहिले नऊ महिने त्याकडे बघायची वेळच आली नाही, आणि खरी चूक तीच झाली. एक किल्ली माझ्या जुन्या पर्सबरोबर हरवली. दुसरी घरात फ्रिजवरच्या डब्यात होती.

जुलैत आई-बाबांना घेऊन दिवेआगरला निघाले. ताम्हिणी घाटात, निवे मागे पडल्यावर, डावं मागचं चाक खड्ड्याच्या धारेवर आपटलं. टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, बोटभर चीर पडली. माझ्याकडे ट्यूबलेसचं पंक्चर किट होतं, पण त्यातली पट्टी फक्त ट्रेडमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातल्या, भोकाला चालते. साइडवॉलच्या चिरेत ती टिकत नाही. पाऊस धो धो. बाबा गुडघेदुखी विसरून चाकांना दगड लावत होते आणि मी डॅशबोर्डचा खण तिसऱ्यांदा उपसत होते. आपली स्टेपनी हाताच्या अंतरावर असून मिळत नाही, तेव्हा फार असहाय वाटतं. आई गाडीत गप्प बसून होती, तिच्याकडे बघवत नव्हतं.

एका टेम्पोवाल्याने घाटाखाली विळे गावात निरोप दिला आणि तासाभराने पंक्चरवाला दादा बाइकवरून आला. त्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, तार कापली तर स्टेपनी आत्ता निघेल, पण सगळी यंत्रणा बदलावी लागेल. टायरच घेऊन जातो." गाडी जॅकवर आणि मागच्या अॅक्सलखाली दगड अशी ठेवून तो चाक घेऊन गेला, चिरेवर आतून गेटर (जाड रबरी ठिगळ) लावून त्यात ट्यूब टाकून आणलं. "चाळीसच्या वर जाऊ नका, आणि हा टायर नंतर वापरू नका," असं दोनदा बजावलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तशीच माणगाव गाठलं. तिथल्या किल्लीवाल्याने ड्रिल मारून लॉकचा सिलिंडर फोडला, दहा मिनिटांत. स्टेपनी खाली आली, तर तिच्यात हवा 14! गाडीच्या दरवाजावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय. लॉक लागल्यापासून तिला कोणी हातच लावला नव्हता. म्हणजे घाटात किल्ली असती तरी त्या चाकावर लगेच निघता आलं नसतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकारातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही आहे: कुलूप लावलं की आपण स्टेपनी तपासायचं सोडून देतो.

(स्टेपनी हा शब्द 1904 साली वेल्समधल्या लॅनेली गावात, स्टेपनी रस्त्यावर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी काढलेल्या जादा चाकावरून आला. त्याआधी मोटारींना जादा चाकच नसायचं. घाटातल्या त्या तासात मी तशीच मोटार चालवत होते.)

त्यानंतर दुसऱ्या बनावटीचं लॉक घेतलं, त्याला सहा महिने झाले. यावेळी किल्लीवर नंबर कोरलेला बघूनच घेतलं. तो नंबर दिला की डुप्लिकेट मिळते. नंबर माझ्या आणि बाबांच्या फोनमध्ये आहे. एक किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात, दुसरी जॅकच्या पिशवीला तारेने बांधलेली. काच फोडणाऱ्याला ती सापडेल, हे मला मान्य आहे. घाटात मला सापडणं जास्त गरजेचं आहे.

लॉकच्या तोंडावरची रबरी टोपी तिसऱ्या महिन्यात सैल झाली. मागच्या चाकाचा चिखल थेट तिथे उडतो. एकदा किल्ली अर्धीच आत जात होती. टॉर्च मारून बघितलं तर लाल मातीची चकतीच बसली होती. आधी मी तेल सोडायचे, पण तेलावर धूळ चिकटते. आता ग्रॅफाइटची पावडर टाकते, किल्ली लोण्यासारखी फिरते. तारेला मात्र ग्रीस हवंच, नाहीतर गंजून अडकते.

लॉक चोरीपासून पूर्ण वाचवतं का? नाही. खाली सरपटून कटरने तार कापणाऱ्याला हे अडवत नाही. टॉमी घेऊन येणारा भुरटा चोर मात्र दुसऱ्या गाडीकडे वळतो. नव्या लॉकवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे आहेत आणि स्टेपनी जागेवर आहे, म्हणून मी ते ठेवणार आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लॉक उघडायचं, स्टेपनी जमिनीवर उतरवायची, हवा बघायची, परत वर चढवायची. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली होती. आता बाबा टॉमी फिरवतात, मी खाली वाकून तारेच्या टोकाची पट्टी चाकाच्या मधल्या भोकात सरळ बसतेय का ते बघते, आणि बारा मिनिटांत होतं.